इंदुरात मिळणारा ‘सगळी चॅनेल’ बॉक्स: यात चोरी कसली?

राजवाडा_इंदूर: बाजारात लिनक्स बॉक्स मिळतो, म्हणजे लिनक्स प्रणालीवर चालणारा सेट-टॉप बॉक्स. छत्रीची (डिशची) वायर आणि घरचं वाय-फाय जोडलं की वर्षाच्या एका वर्गणीत सगळी मराठी चॅनेल सुरू. उपग्रहाच्या लहरी मला न विचारता माझ्या गच्चीवर पडतात. त्या पकडल्या तर चोरी कसली?

छावणीकर: गच्चीवर पडतं ते कुलूपबंद पडतं, नेमकं हेच तुम्ही गाळलंत. चित्र डीव्हीबी-सीएसए या सांकेतिक पद्धतीने स्क्रॅम्बल केलेलं, म्हणजे किल्लीशिवाय दिसणार नाही असं विस्कटलेलं असतं. किल्ली ६४ बिटांची, म्हणजे आठ बाइटांची, पण चौथा आणि आठवा बाइट म्हणजे आधीच्या तिघांची बेरीज, म्हणून खरे बिट ४८च. एवढी लहान किल्ली टिकते, कारण ती साधारण दर दहा सेकंदांनी बदलते. नवी किल्ली ईसीएम नावाच्या, चित्रासोबत येणाऱ्या संदेशात सांकेतिक रूपात येते आणि वर्गणीदाराचं कार्डच ती उलगडतं. तुमच्या बॉक्समध्ये कार्ड नाही. तो ईसीएम इंटरनेटवरून सर्व्हरकडे पाठवतो आणि तिथलं कुणाचं तरी एक कार्ड अनेक घरांसाठी किल्ल्या काढत असतं. म्हणजे पैसे तुम्ही चोरीच्या किल्लीचे देताय, लहरींचे नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलंय: हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडही.

लोकमान्यनगर: कायदा सांगता तसं कंपन्यांचंही सांगा की! एकीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. सेट-टॉप बॉक्स कुठल्याही कंपनीला चालणारे हवेत, अशी शिफारस ट्रायने (दूरसंचार नियामकाने) एप्रिल २०२०मध्ये केली. गच्च्यांवर टाकून दिलेल्या छत्र्या गंजतायत त्या कशामुळे? शिवाय इंदुरात हिंदी पॅक गळ्यात मारतात आणि मराठी वरून घ्या म्हणतात.

राजवाडा_इंदूर: हेच म्हणतोय मी. आणि अधिकृत बॉक्सही पावसात अडकतोच.

छावणीकर: अधिकृत बॉक्सचं आणि तुमच्या बॉक्सचं अडकणं एक नाही. मेनूत सिग्नल क्वालिटी बघा. पावसात ती घसरते, चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो. क्वालिटी जागची हलत नाही आणि तरी चित्र अख्खं गोठतं, तेव्हा किल्ली उशिरा आलेली असते. सामन्याच्या वेळी सर्व्हरवर गर्दी झाली की हेच होतं.

सुदामानगर_छत्री: पावसावर खापर फोडण्याआधी छत्री तपासा. दूरदर्शनची मोफत फ्री डिश सेवा जीसॅट-१५ उपग्रहावर, ९३.५ अंश पूर्वेला. इंदुरातून खऱ्या उत्तरेपासून सुमारे १४० अंश, म्हणजे आग्नेयेपासून थोडं दक्षिणेकडे, आणि उंची ५७ अंश. पण पत्रा तेवढा वर करू नका. ऑफसेट (लहरी झेलणारं तोंड मध्यभागी नसून खाली असलेल्या) छत्रीत २४-२५ अंश आधीच धरलेले असतात, म्हणून पत्रा उभ्यापासून ३२-३३ अंशच मागे कलवा. होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ धरलंत तर दिशा चुकणारच. मग एलएनबी, म्हणजे दांडीवरचं ते तोंड, जागच्या जागी थोडी थोडी फिरवून क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे घट्ट करा. कनेक्टरपाशी वायरला खाली झोळ द्या, पाणी आत न शिरता झोळावरून गळेल.

लोकमान्यनगर: फ्री डिशवर सह्याद्री दिसतं. घरच्यांना हव्या त्या मालिका त्यावर नाहीत. अंश मोजून काय करू?

सुदामानगर_छत्री: तुमची छत्री दुसऱ्या उपग्रहावर असली तरी पाणी कनेक्टरातूनच शिरतं, भाऊ.

छावणीकर: मूळ मुद्द्यावर या. बऱ्याच लिनक्स बॉक्सचा रूट (पूर्ण ताबा देणारा) पासवर्ड मुळातला तसाच असतो, कधी कोराच. त्यात विकणाऱ्याने कुठली फाइल भरली हे तुम्हाला दिसत नाही आणि बॉक्स सतत परक्या सर्व्हरशी जोडलेला. ज्या वाय-फायवर बँकेचा व्यवहार करता त्याच वाय-फायवर हा बसवणार? उद्या कंपनीने सर्व्हरवरचं ते कार्ड फक्त स्वतःच्या बॉक्सच्या चिपशी बांधलं की उरलेली वर्गणीही बुडाली. ती परत मागायला जाणार कुणाकडे?

राजवाडा_इंदूर: किल्ली परक्याची हे मानलं. पण महागाईवर एकानेही उत्तर दिलेलं नाही.

छावणीकर: २०१९च्या ट्रायच्या व्यवस्थेपासून प्रत्येक सशुल्क चॅनेलची सुटी किंमत जाहीर असते. पॅक पूर्ण काढून टाका, हवी तेवढी मराठी चॅनेल सुटी घ्या, त्यावर नेटवर्क कपॅसिटी फी (चॅनेल घरापर्यंत पोचवण्याचं शुल्क) आणि जीएसटी धरा.

राजवाडा_इंदूर: सुट्या यादीवरून हिशोब करून बघतो. ती फी मात्र नाहक आहे, हे मी मागे घेणार नाही.