मदत हवी आहे: फौजदारांच्या स्मृतिशिळेवरचं नाव वाचायचंय

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावच्या वेशीवर, कर्तव्यावर असताना मारल्या गेलेल्या एका फौजदारांची काळ्या दगडाची स्मृतिशिळा आहे. दरसालच्या ऑइल पेंटनं कोरीव अक्षरं बुजलीत. साध्या पाण्यानं नि मऊ नायलॉन ब्रशनं शेवाळ निघालं, रंग नाही. रात्री बॅटरी दगडालगत धरून तिरपा उजेड टाकला की 'फौजदार' आणि '१९४' एवढंच उमटतं. शेवटचा आकडा आणि नाव नाही. ॲसिड, वायर ब्रश, ग्राइंडर नकोच, अक्षरांच्या कडा एकदा गेल्या की गेल्या. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे फक्त कर्नाटकचं दफ्तर पाहून भागणार नाही. २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनी त्यांना नाव घेऊन मानवंदना द्यायची आहे. रंग कशानं काढावा, आणि त्या काळच्या नोंदीसाठी अर्ज नेमका कुठं करावा?