बाबांचं स्पीडमास्टर विकण्याआधी पॉलिश करून घ्यावं का?

प्रश्न

बाबांचं घड्याळ माझ्याकडे आलंय. ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल, मागच्या झाकणाच्या आत 145.022-74 असा मॉडेल क्रमांकाचा शिक्का. त्यांनी ते कपाटात जपून ठेवलं नव्हतं, रोज घातलं. गाडीचं बॉनेट उघडतानाही ते मनगटावरच असायचं. त्यामुळे केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर, ओरखडे आहेत, काचेवर तर जाळंच झालंय, आणि डावीकडच्या खालच्या लगला (पट्टा अडकवायच्या चार टोकांपैकी एकाला) एक पोचा आहे.

आम्ही दोघी बहिणी. 42 मिलिमीटरचं घड्याळ दोघींच्याही मनगटाला मोठं होतं, म्हणून ज्याला त्याची खरी ओढ आहे अशा कुणाला तरी द्यायचं ठरवलंय. एक विक्रेता म्हणाला, "पॉलिश करून आणा, नव्यासारखं दिसेल, भाव चढेल." दुसऱ्यानं बजावलं, "हातसुद्धा लावू नका." दोघंही तितक्याच खात्रीनं बोलत होते. किंमत चांगली यावी असं वाटतंच, पण त्याहून जास्त भीती ही की अजाणता माझ्या हातून बाबांच्या घड्याळाचं नुकसान होईल. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, अजून कुणाच्याही हातात देऊ नका. दुसरा विक्रेता बरोबर सांगतोय.

मी सत्तावीस वर्षं घड्याळजी आहे. सुरुवातीची बरीच वर्षं माझ्याकडे आलेलं प्रत्येक घड्याळ मी बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरलं, कारण गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. त्यातली काही घड्याळं पुढे विक्रीसाठी परत माझ्याकडे आली तेव्हा आपण काय करून ठेवलंय ते मला कळलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॉलिश म्हणजे वरून काही चढवणं नव्हे. ओरखडा ही खाच असते. ती नाहीशी करायची तर तिच्या आजूबाजूचा धातू खाचेच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. खाच जितकी खोल तितकं पोलाद जातं, आणि ते परत येत नाही. त्यात बफचं चाक असतं मऊ सुती कापडाचं. सपाट भागावर ते सपाट चालतं, पण कडेवर आलं की कापड कडेला गुंडाळतं आणि तिथलाच धातू जास्त खातं. म्हणून आधी धार जाते, मग आकार जातो, आणि चमक तेवढी राहते.

तुमच्या घड्याळाला हे सगळ्यात जास्त बाधतं. स्पीडमास्टरचे लग सरळ खाली येत नाहीत, त्यांना पीळ असतो. केसच्या कडेनं एक चकचकीत पट्टी निघते आणि त्या पिळाबरोबर वळत लगच्या टोकापर्यंत जाते. तिच्या खालची केसची भिंत मात्र मॅट, बारीक रेघांची. हे दोन पृष्ठभाग भेटतात तिथे नखाला जाणवेल अशी धार असते. घाईतल्या हाताखाली ही धार विरघळते आणि लग साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे गोल होतात. रेघा नंतर पुन्हा मारता येतात, पण पट्टी आणि भिंत यांच्यातली सीमा एकदा पुसली की ती पुन्हा आखायला धातूच उरलेला नसतो.

घरी एवढं बघा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दिवा तिरका धरा आणि चारही लग एकमेकांशी ताडून पाहा. पट्टीची रुंदी चारही ठिकाणी सारखी आहे का? धार जिवंत आहे का? मग घड्याळ उलटं करा. झाकणावर ओमेगाचा तो अर्धा घोडा, अर्धा मासा असलेला प्राणी कोरलाय, भोवती चंद्रावर घातलेल्या पहिल्या घड्याळाचा उल्लेख आहे. त्याची आयाळ आणि शेपटीवरचे खवले सुटे दिसतात का, की सगळा एक गुळगुळीत उंचवटा झालाय? अक्षरांच्या कडा गोल झाल्यात का? केसला बफ लावणारा माणूस झाकणावरही हात फिरवतोच, त्यामुळे झाकण खोटं बोलत नाही.

बघून इथे लिहा. तोवर चमकवायच्या कापडानंसुद्धा पुसू नका. त्या कापडात घासणारा पदार्थ असतो आणि मॅट भागावर तो तेलकट चमक आणतो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातलं मी सोसलंय. माझ्याकडे रोलेक्स जीएमटी-मास्टर 1675 होतं. सर्व्हिसला दिलं तेव्हा पॉलिशबद्दल मी काही बोललो नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. परत आलं ते आरशासारखं. मला फार आवडलं, दोन वर्षं मिरवलं.

विकायला काढलं तेव्हा घेणाऱ्यानं डायलकडे बघायच्याही आधी खिशातून व्हर्नियर काढला आणि चारही लगची जाडी मोजली. चारही वेगवेगळी निघाली. मग घड्याळ आडवं धरून त्यानं लगमधली, पट्ट्याची पिन बसते ती आरपार भोकं दाखवली. एका बाजूचं भोक कडेच्या इतकं जवळ आलं होतं की मधली भिंत नखाएवढी उरली होती, आणि भोकाचं तोंड बशीसारखं खोलगट झालेलं. चावीच्या दोन बाजूंना जे संरक्षक खांदे असतात तेही बारीक झाले होते. त्यानं घासाघीस केली नाही. शांतपणे खूप कमी आकडा सांगितला, आणि तो का, हे मला तोवर कळलेलं होतं.

शिवाय त्याच सर्व्हिसमध्ये काटेही बदलले गेले होते. जुन्या काट्यांवर अंधारात उजळण्यासाठी लावलेलं ट्रिशियम होतं. त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, म्हणजे दर तेवढ्या काळानं ते निम्मं होतं; इतक्या जुन्या घड्याळात ते जवळजवळ उजेड देतच नाही, पण त्याचा रंग डायलवरच्या ठिपक्यांबरोबर सायीसारखा पिवळसर होत जातो. माझ्या घड्याळात ठिपके सायीच्या रंगाचे आणि काटे पांढरेफटक. जुने काटे मी मागून घेतले नाहीत. ताई, तुम्ही काहीही करून घ्या, पण काढलेला प्रत्येक भाग परत मागा. 1974 च्या तुमच्या घड्याळालाही हे तसंच्या तसं लागू आहे.

प्रतिसाद ३

थोडं वेगळं मत मांडतो, कारण हे वाचून नवीन घड्याळवालेही घाबरतील. माझं ओमेगाचंच सीमास्टर दहा वर्षांचं होतं. कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये दिलं, त्यांनी हलकं पॉलिश करून रेघा पुन्हा मारल्या. विकताना सर्व्हिसची पावती दाखवली, घेणाऱ्यानं आनंदानं घेतलं. माझ्या अनुभवात तरी पॉलिशनं काही बिघडलं नाही.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ लिहिणारा)

तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि फरक का पडतो तेही सांगतो. अलीकडच्या मॉडेलमध्ये घेणाऱ्याला नीट चालणारं, नीट दिसणारं घड्याळ हवं असतं. कंपनीकडे त्या केसची मोजमापं असतात, आणि काम मऊ कापडाऐवजी सपाट तबकडीवर होतं. त्याला लॅपिंग म्हणतात. तबकडी वाकत नाही म्हणून धार टिकते. असं एखादं पॉलिश घड्याळ सहज पचवतं. तिसरं-चौथं पचवत नाही.

जुन्या घड्याळात घेणारा आकारासाठी पैसे मोजतो. तसे शाबूत लग आता नव्यानं जन्माला येणार नाहीत. ओरखडे नको असतील तर तो स्वतः नंतर पॉलिश करून घेऊ शकतो. तुम्ही आधीच करून दिलंत तर ते उलटवणं त्याच्या हातात नसतं. लिलावाच्या वर्णनात 'अनपॉलिश्ड' हा शब्द ठळकपणे येतो तो याचमुळे.

धातू आणि घडणीप्रमाणेही हे बदलतं. अठरा कॅरेट सोनं पोलादापेक्षा मऊ, ते भराभर उतरतं आणि त्याबरोबर शुद्धतेचे ठसे पुसट होतात. स्विस घड्याळांत 1995 पर्यंत स्त्रीचं मस्तक आणि नंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं असा ठसा असतो. तो धूसर झाला असेल तर जाणकाराला आणखी काही विचारावं लागत नाही. सोन्याचा नुसता मुलामा असेल तर पॉलिशचा विषयच नको, खालचा धातू उघडा पडतो. काळा थर दिलेल्या केसचंही तेच. ओदमार पिगेच्या रॉयल ओक या घड्याळाची ओळख 1972 पासून रेघांची सपाटी आणि तिच्या कडेची चकचकीत उतरती पट्टी हीच आहे. ते बफवर धरणाऱ्याला मी घड्याळजी म्हणणार नाही.

धातू भरून काढायचा उपाय आहे. लेझरनं वितळवून लगवर पोलाद चढवतात आणि पुन्हा आकार देतात. झिजून गेलेल्या केसला त्यानं जीव येतो, काम सुंदर होतं. पण विकताना ते सांगितलंच पाहिजे. लपवलं तर ती फसवणूक आहे.

प्रतिसाद ५ (प्रश्न विचारणारी)

काल रात्री बहिणीबरोबर बसून भिंगानं पाहिलं. चारही लगवर ती वळणारी पट्टी आहे, आणि कडेवरून नख नेलं तर खरंच अडकतं. उजवीकडच्या दोन पट्ट्या अगदी सारख्या. पोचा असलेल्या लगवर पट्टीत खड्डा आहे, पण पट्टी त्याच्या अलीकडे आणि पलीकडे तशीच चालू राहते. झाकणावरच्या घोड्याची आयाळ सुटी मोजता येते. केसच्या भिंतीवर ओरखड्यांमधून जुन्या बारीक रेघा दिसतात, सगळ्या एकाच दिशेच्या. काटे आणि डायलवरच्या तासांच्या खुणा दोन्ही एकाच सायीच्या रंगाचे आहेत.

दोन गोष्टी विचारायच्यात. तो पोचा तरी काढून घ्यावा का? आणि काच? तिच्यातून वेळही नीट दिसत नाही.

प्रतिसाद ६ (प्रतिसाद १ लिहिणारा)

ताई, वाचून फार बरं वाटलं. ओरखड्यांखाली मूळ रेघा एकाच दिशेनं दिसतायत, म्हणजे या केसला बहुधा कधीच बफ लागलेला नाही. तुमच्या वडिलांनी ते भरपूर वापरलं पण कुणाला घासू दिलं नाही.

पोचा राहू द्या. तो काढायचा तर अख्ख्या लगचा धातू त्या खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवावा लागेल, आणि मग जोडीच्या लगशी तो जुळणार नाही.

काचेचं मात्र खुशाल करा. ती हेसलाइटची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची आहे. तिच्यावरचे ओरखडे अॅक्रिलिकच्या पॉलिश पेस्टनं मऊ कापडावर हलक्या गोल हातानं घासून निघतात, आणि त्यानं किमतीला धक्का लागत नाही. पेस्ट धातूला लागू नये म्हणून काचेभोवतीच्या कड्यावर, म्हणजे बेझलवर, कागदी टेप चिकटवा. आधी काचेच्या बरोबर मध्ये तिरक्या उजेडात बघा. मूळ काच असेल तर तिथे ओमेगाचं अगदी इवलंसं चिन्ह दिसेल. ते असेल तर काच बदलू नका, फक्त घासा.

आतलं यंत्र, कॅलिबर 861, साफ करून तेलपाणी करायला हरकत नाही. पण देताना पावतीवर तुमच्यासमोर लिहून घ्या: केस, झाकण आणि मनगटाच्या पट्ट्याला पॉलिश करायचं नाही, डायल, काटे, बेझल बदलायचे नाहीत, बदललेला प्रत्येक भाग परत द्यायचा. तोंडी सांगणं पुरत नाही. पुष्कळ ठिकाणी सर्व्हिसमध्ये पॉलिश धरलेलंच असतं, आणि समोर घेणारा माणूस वेगळा, टेबलावर काम करणारा वेगळा. देण्याआधी चारही लगचे आणि झाकणाचे जवळून फोटो काढून ठेवा. विकताना तेच फोटो, पोच्यासकट, आधी दाखवा.

प्रतिसाद ७ (प्रश्न विचारणारी)

चिन्ह आहे! काच साफ केल्यावर बहिणीला आधी दिसलं, मला भिंग दोनदा फिरवावं लागलं. टेप लावून अर्धा तास घासलं, आता डायल स्वच्छ दिसतंय. लगचे फोटो काढलेत. सर्व्हिसला उद्या देतेय. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही अटी कागदावर उतरवून घेतल्यात, त्या पावतीवर चढल्याशिवाय घड्याळ हातातून सोडणार नाही. पोचा कसा आला ते आईला विचारलं, तर तिलाही आठवत नाही. तो आहे तसाच राहील.