पावलांचे पॉइंट, वजनाचं बक्षीस: तुमच्या ऑफिसातले अनुभव

आमच्या ऑफिसात (हिंजवडी) तिसऱ्यांदा 'स्टेप चॅलेंज' सुरू झालंय. रोज १०,००० पावलं, सहा आठवडे, जिंकणाऱ्या टीमला कूपन. शेजारच्या पठ्ठ्यानं बँड बाळाच्या पाळण्याला बांधला होता. बाळ झोपेपर्यंत बापाची चार हजार पावलं! पण मी खरंच जेवणानंतर चालायला लागले आणि ते टिकलंय, म्हणून नुसतं हसण्यावारी नेववत नाही. तुमच्याकडे काय झालं? बरं-वाईट सगळं लिहा.

पुणे, आयटी
दरवर्षी आयटी दिंडीबरोबर पुणे ते सासवड चालतो. गेल्या वर्षी चॅलेंज नेमकं आषाढीच्या तोंडावर आलं. दिवे घाट चढून सासवडला टेकलो तेव्हा फोनवर ४६ हजार. सोमवारी एचआरची मेल: 'नोंद असामान्य वाटते, पुरावा द्यावा.' कपाळावर बुक्का लावलेला फोटो पाठवला, मान्य झाला. बक्षिसाचं स्मार्टवॉच वडिलांना दिलं. ते त्यात फक्त वेळ बघतात.

चाकण
आम्हाला लाईनवर मोबाईल न्यायला बंदी, गेटवरच जमा करायचा. आठ तास उभं राहून, ट्रॉल्या ढकलून ॲपवर पावलं ९००. आणि वर एसीत बसणारे पहिल्या दहात. विचारलं तर म्हणाले, ऐच्छिक आहे. योगासनांचा वर्ग सकाळी सातला, म्हणजे आमची नाईट सुटते तेव्हा. बसमध्ये बसल्या बसल्या डोळे मिटतात, कसलं शवासन वेगळं करायचं?

नाव नको
आमच्याकडे 'तीन महिन्यांत सर्वांत जास्त वजन घटवा' होतं. मला थायरॉईड आहे, तरी ईर्षेनं उतरले. शेवटचे चार दिवस काकडी आणि ताक, वजनाच्या दिवशी सकाळपासून पाणीही नाही. ५ किलो २०० ग्रॅम उतरलं, दुसरा नंबर. दिवाळीपर्यंत साडेसहा किलो परत आलं. पण मनाला लागलं ते वेगळंच. काट्यावरचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे, रेशनच्या दुकानात पोतं मोजावं तसा. मी दुसऱ्या नंबरची, तरी मान खाली. ज्यांचं वजन वाढलं त्यांचं काय झालं असेल! २०२२ मध्ये झेरोधा या शेअर ब्रोकिंग कंपनीच्या नितीन कामतांनी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २५ च्या खाली असलेल्या कर्मचाऱ्यांना अर्ध्या महिन्याचा पगार बोनस जाहीर केला, तेव्हा झालेली टीका मला अतिरेकी वाटली होती. आता वाटत नाही. बीएमआयला थायरॉईड कळत नाही.

टोकियो
धागाकर्त्या ताई, तुमचे ते १०,००० इथलेच बरं का! १९६५ मध्ये इथं 'मानपोकेई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र निघालं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मापक'. आकडा विक्रीसाठी आला, डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही. इथं बक्षिसाऐवजी टेप आहे. २००८ पासून चाळिशीनंतरच्या तपासणीत कंबर मोजतात: पुरुषांना मर्यादा ८५ सेंमी, बायकांना ९०. मी ८७. पोट आत ओढलं, तर नर्स अदबीनं म्हणाली, 'श्वास सोडा.' मग आहारावर समुपदेशन. त्या बाईंना वरणभात-तूप समजावताना माझाच तास गेला.

पोलीस लाईन
ह्यांना फिटनेस भत्ता २५० रुपये. बंदोबस्ताहून रात्री दोनला येतात, दिवसभर वडापाव. पळायच्या बुटांची किंमत विचारू नका.

सांगलीकडचा साखर कारखाना, अकाउंट्स
आमच्याकडे ॲप नाही, बँड नाही. कँटीनमध्ये बिनसाखरेचा चहा २ रुपयांनी स्वस्त केला, बास. साखर कारखान्यात! पहिले काही दिवस सगळे स्वस्तातला चहा घ्यायचे आणि ड्रॉवरमधल्या पुडीतली साखर ओतायचे. मग पुडी आणायचाच कंटाळा आला. निम्मा स्टाफ आता बिनसाखरेचा पितो, मीही. चेअरमन आले की मात्र टेबलावर साखरेचाच जातो, चांगला गोडमिट्ट.