खारेपाटातला मूळपुरुष
कोकणात गाव वसवणारा मूळपुरुष म्हणजे शेतसारा गोळा करणारा खोत असं म्हणतात, ती खोती १९४९ च्या कायद्याने गेली तेही बरोबर, पण आमच्या अलिबागकडच्या खारेपाटात, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणाऱ्या सखल पट्ट्यात, आधी जमीनच तयार करावी लागायची हो. भरती अडवायला चिखलाचा बांध घालायचा, त्यात उघाडी (झडपेचं दार) ठेवायची म्हणजे ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं आणि भरतीला दार आपोआप मिटतं, मग मीठ धुऊन निघेपर्यंत पावसाळे मोजत बसायचं. तोवर पोरांना काय खायला घातलं असेल त्या माणसाने, मला खरंच गलबलून येतं. पहिलं पीक बहुतेक राता भात, तो खाऱ्यात तग धरतो. खेकड्यांनी बांध पोखरून खांड गेली, म्हणजे बांधाला भगदाड पडलं, की माझे आजोबा रात्री कंदील घेऊन धावायचे, कमरेएवढ्या चिखलात.