पाच दिवसांच्या पदभ्रमणासाठी सॅक कशी निवडावी आणि कशी भरावी?

प्रश्न:
आम्ही चौघे लवकरच पाच दिवसांच्या पदभ्रमणाला निघत आहोत. तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा असे सर्व सामान स्वतःच वाहायचे आहे. आजवर मी ४० लिटरची सॅक वापरत आलो; मात्र मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी दुपारीच माझे खांदे इतके भरून आले की उतारावर पाऊल नीट पडेनासे झाले. आता ५५ लिटरची सॅक घ्यावी की ७० लिटरची, आणि सामान कोणत्या क्रमाने भरावे?

उत्तर १:
लिटरच्या आधी पाठीची लांबी पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. मान पुढे झुकवल्यावर तिच्या तळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो, तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर मोजावे. केवळ उंचीवरून ते कळत नाही. हे माप जुळले नाही तर कंबरपट्टा हाडांवर न टेकता पोटावर चढतो किंवा खाली घसरतो, आणि कमरेने पेलायचा भार खांद्यांवर येतो. तुमच्या दुखण्याचे मूळ बहुधा यातच असावे. रिकामी सॅक कोणालाही बरी वाटते, म्हणून दुकानात दहा-बारा किलो वजन आत घालून निदान पंधरा मिनिटे जिने चढउतार करून पाहावे.

उत्तर २:
तंबूचे भाग चौघांत वाटून घेतले, तर ५५ ते ६० लिटर पुरावेत. मोठी सॅक घेतली की रिकामी जागा पाहून नको त्या वस्तू आत जातात. भरलेल्या सॅकचे वजन स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नसावे. त्यात पाणीही धरावे, कारण तीन लिटर म्हणजे तीन किलो.

तळाशी स्लीपिंग बॅग, तिच्यावर पाठीला अगदी लागून शिधा आणि तंबू, बाहेरच्या बाजूला कपडे, आणि सर्वांत वर पावसाळी जाकीट व प्रथमोपचाराचे सामान ठेवावे. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की सॅक मागे ओढते आणि चालणारा नकळत पुढे वाकतो. पावसाचे आवरण पाठीकडची बाजू झाकत नाही, तिथून पाणी आत झिरपते. म्हणून सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यातच सामान भरावे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आजच मोजले, पाठ ४६ सेंटिमीटर भरली. जुनी सॅक अंगावर चढवून आरशात पाहिले, तर तिचा कंबरपट्टा खरोखरच बेंबीच्या वर बसत होता.

उत्तर ३:
मग ती सॅक तुमच्या पाठीला आखूड आहे. नवी सॅक पाठीवर घेताना सर्व पट्टे आधी सैल करावेत, कंबरपट्टा हाडांवर बसवून आवळावा, त्यानंतर खांद्यांचे, छातीचे आणि शेवटी खांद्यांवरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे छोटे पट्टे ओढावेत. हे छोटे पट्टे फार ताणू नयेत. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचू लागले की थोडे सैल करावेत.