अर्धसत्य: कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, असं का?

पावसाळी_पाखरू:
मंडळी, एक प्रश्न आहे. अर्धसत्य (१९८३) परत बघितला आणि या वेळी सुरुवातीची नावं नीट वाचली. कथा श्री. दा. पानवलकर, म्हणजे त्यांची 'सूर्य' ही मराठी कथा, पटकथा विजय तेंडुलकर आणि संवाद वसंत देव. वर ती चक्रव्यूहाची कविता दिलीप चित्र्यांची. म्हणजे एका हिंदी पिक्चरच्या लिखाणात चार मराठी माणसं, आणि आपण बोलताना मात्र दिग्दर्शक गोविंद निहलानी आणि नट ओम पुरी एवढंच बोलतो (ते दोघेही भारीच आहेत, त्यात वादच नाही). तर मला विचारायचं हे की हिंदीत कथा, पटकथा, संवाद हे वेगवेगळ्या लोकांकडे का देतात? एकच माणूस सगळं का नाही लिहीत? आणि मग अनंत वेलणकर, म्हणजे ओम पुरींनी केलेला तो पोलीस, हा माणूस नक्की कुणी घडवला म्हणायचा?

गिरगावकर:
बरं झालं हा विषय काढलात. मुख्य कारण भाषा. जुन्या काळी हिंदी पिक्चर काढणारे बरेच जण हिंदी-उर्दू भागातले नव्हतेच, कुणी बंगाली, कुणी मराठी, कुणी गुजराती. गोष्ट त्यांच्या डोक्यात त्यांच्या भाषेतून यायची, पण पडद्यावर बोलायची ती हिंदी-उर्दू, मग त्यासाठी वेगळा माणूस लागायचा. मधुमती (१९५८) बघा. दिग्दर्शक बिमल रॉय बंगाली, कथा ऋत्विक घटक यांची, तेही बंगाली, आणि संवाद राजिंदरसिंग बेदींचे, जे उर्दूतले मोठे कथाकार. बिमलदांच्या देवदासमध्येही (१९५५) पटकथा नबेंदू घोष यांची आणि संवाद बेदींचेच. तीच पद्धत पुढे रुळली, इतकी की फिल्मफेअरला कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी बक्षिसं असतात.
लिपीचंही तसंच. जावेद अख्तर उर्दू लिपीत लिहायचे, मग ते देवनागरीत उतरवून घ्यावं लागायचं. आणि मुघल-ए-आझमला (१९६०) तर संवादांसाठीच चार नावं आहेत, अमानुल्ला खान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा आणि एहसान रिझवी. यातले अमानुल्ला खान म्हणजे झीनत अमानचे वडील.
वेलणकरबद्दल विचाराल तर माझ्या मते माणूस पानवलकरांचा, पण त्याला असा कोंडीत पकडला तो तेंडुलकरांनी. त्याचा बाप आठवा, अमरीश पुरींनी केलेला, स्वतः पोलीस, बायकोला मारणारा आणि पोराला जबरदस्तीने खात्यात ढकलणारा. पोरगा पुढे लॉकअपमध्ये जो हात उचलतो तो त्या घरातून आलाय, हे पटकथा कुठेही भाषण न देता दाखवते.

रानजाई:
गिरगावकर, छान लिहिलंत. पण पटकथा आणि संवाद यातला फरक लोकांना पटकन कळत नाही म्हणून दीवारचा (१९७५) गोदीतला सीन सांगते. गुंड पीटरची माणसं विजयला, म्हणजे अमिताभला, गावभर शोधतायत आणि तो कुठे बसलाय तर त्यांच्याच गोदामात, टेबलावर पाय टाकून, त्यांचीच वाट बघत. ते आत आल्यावर हा शांतपणे उठतो, आतून कुलूप लावतो आणि किल्ली पीटरकडे फेकतो. आता इथे संवाद काढून टाका, आवाज बंद करून बघा, तरी सीन तस्साच उभा राहतो, कारण कोण कुठे बसलाय, किल्ली कुणाच्या हातात जाते आणि दार कुणाच्या मर्जीने उघडणार हे आधी ठरलंय. ही पटकथा. त्यावर तो किल्लीचा डायलॉग येतो तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडतात, ते संवादांचं काम. आणि कथा म्हणाल तर दोन भाऊ, एक कायद्याकडे एक कायद्याबाहेर, मध्ये आई, हे मदर इंडिया (१९५७) आणि गंगा जमुना (१९६१) यांच्याच वळणाचं आहे. सलीम-जावेदचं मोठेपण हे की ही तिन्ही कामं ते दोघं मिळून करायचे, म्हणून दीवारला कथा, पटकथा, संवाद तिन्ही फिल्मफेअर त्यांनाच मिळाली. त्याच वर्षीच्या शोलेला फक्त संकलनाचं मिळालं, ते एम. एस. शिंदे यांना, आणि हे नावही आपल्याकडे किती जणांना माहीत असतं?

मुळशी_एक्सप्रेस:
सगळं मान्य पण शेवटी दिग्दर्शकाचाच पिक्चर असतो ना. लेखकाने कागदावर काहीही लिहिलं तरी कॅमेरा कुठे लावायचा, नटाकडून ते कसं काढून घ्यायचं हे तोच ठरवतो. प्यासा म्हटलं की गुरुदत्तच आठवतो, लेखक कोण हे बघायची गरज मला तरी कधी वाटली नाही.

रानजाई:
मुळशी, वाटायला हवी होती, कारण तुम्ही नेमकं उदाहरणच ते घेतलंत. प्यासाचे (१९५७) संवाद अबरार अल्वींचे. त्याआधी आर पार (१९५४), मिस्टर अँड मिसेस ५५ (१९५५), नंतर कागज के फूल (१९५९), सगळीकडे अल्वी आहेत. आर पार मध्ये टॅक्सीवाला टॅक्सीवाल्यासारखा बोलतो आणि गॅरेजवाला गॅरेजवाल्यासारखा, पुस्तकी कुणीच बोलत नाही, आणि त्या काळात हे फार कमी जण करत होते. साहिब बीबी और गुलामला (१९६२) तर दिग्दर्शक म्हणूनच अल्वींचं नाव आहे, फिल्मफेअरही त्यांनाच मिळालं, तरी लोक तो गुरुदत्तचाच पिक्चर म्हणून सांगतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. गुरुदत्तचं नाव थोडंही कमी न करता अल्वींचं नाव घेता येतं की.

चाळीतला_चष्मा:
रानजाईंना +१. मी कादर खानबद्दल लिहितो कारण त्यांना लोक फक्त कॉमेडी नट समजतात आणि ते मला सहन होत नाही. हा माणूस भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायचा, आणि बालपण कामाठीपुऱ्यात गेलेलं, त्यामुळे मुंबईतली रस्त्यावरची भाषा त्यांना आयती कळत होती. अमर अकबर अँथनी (१९७७) मध्ये पटकथा प्रयाग राज यांची आहे आणि संवाद कादर खानचे. तीन भाऊ तीन घरात वाढले हे नुसतं कपड्यांवरून नाही कळत, बोलण्यावरून कळतं. अँथनीचं ते 'अपुन' वालं बोलणं अमरच्या तोंडी घालून बघा, चालणारच नाही. रोटी, मुकद्दर का सिकंदर, लावारिस, कुली, सगळीकडे संवादात हा माणूस आहे.
आणि श्रेयाचं म्हणाल तर ते कुणी ताटात वाढून दिलं नाही. जंजीरच्या (१९७३) पोस्टरवर लेखकांचं नाव नव्हतं तेव्हा सलीम-जावेदनी स्वतःच्या खर्चाने रंगारी पाठवून मुंबईभरच्या पोस्टरवर आपलं नाव रंगवून घेतलं होतं, काही पोस्टरवर तर म्हणे ते थेट हिरोच्या तोंडावरच आलं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला त्यासाठीही जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, त्यामुळे आता थिएटरमधला शो सोडून बाकी वापराच्या रॉयल्टीतला वाटा गीतकार-लेखकांकडून करारात लिहून घेता येत नाही.

गिरगावकर:
चष्मा, एकदम बरोबर. मुळशी, तुमच्यासाठी अजून एक, दो आँखें बारह हाथ (१९५७) म्हटलं की सगळे शांतारामबापूंचं नाव घेतात, घ्यायलाच हवं, पण त्याचं लेखन आपल्या गदिमांचं आहे, आणि हे मराठी घरातसुद्धा किती जणांना माहीत नसतं. बापूंना गदिमा लागले आणि गदिमांना बापू, एकट्याने तो पिक्चर झाला नसता.

मुळशी_एक्सप्रेस:
गदिमांचं खरंच माहीत नव्हतं. आर पार बघतो या आठवड्यात, मग बोलू. पण कॅमेऱ्याचा मुद्दा मी सोडलेला नाही हां, दीवारच्या त्या गोदामात यश चोप्रांनी अमिताभला कसा बसवलाय तेही बघा.

पावसाळी_पाखरू:
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता अर्धसत्यमधला तो कवितेचा सीन वेगळाच दिसतोय. ज्योत्स्नाने, म्हणजे स्मिता पाटीलने, दिलेलं पुस्तक वेलणकर सहज म्हणून मोठ्याने वाचायला घेतो आणि ओळी पुढे जातील तसा त्याचा आवाज जड होत जातो. शब्द चित्र्यांचे आणि आवाज ओम पुरींचा, पण पोलिसाच्या हातात कवितेचं पुस्तक द्यायचं हे सुचणं मला सगळ्यात मोठं वाटतं.
तेंडुलकरांनी हिंदीत लिहिलेलं निशांत, मंथन आणि आक्रोश एवढं मला माहीत आहे. यातला आधी कुठला बघू?

रानजाई:
आक्रोश (१९८०). निहलानी, तेंडुलकर आणि ओम पुरी हीच तिकडी, आणि यात ओम पुरी जवळजवळ संपूर्ण पिक्चरभर गप्प आहे. संवाद नसलेला नायक लिहायचा म्हणजे काय ते त्यात दिसेल. मग मंथन (१९७६), त्याच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार आहे आणि पैसे गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभे केले होते. निशांत शेवटी बघा, तो जड जातो.