मदत हवी आहे: कृषी सहायक व पशुधन पर्यवेक्षकांसाठी हवामान बदलाचे प्रशिक्षण

नागपूर जिल्ह्यातील काटोल आणि नरखेड तालुक्यांतील कृषी सहायक व पशुधन पर्यवेक्षक यांचे एकत्रित प्रशिक्षण पावसाळ्यापूर्वी घ्यावयाचे असून, त्याचा अभ्यासक्रम ठरवताना जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. तापमानवाढीची जागतिक आकडेवारी ऐकवणारी व्याख्याने पुष्कळ होतात. त्यातून शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. त्यातील पावसाचा अंदाज पाहून कोरडवाहू कपाशीची लावण लांबवावी की नाही, किंवा संत्र्याच्या अंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचा) ताण, म्हणजे फुलोऱ्यासाठी झाडांचे पाणी तोडणे, अवकाळी पावसाने मोडल्यास काय सुचवावे, हे सरावाने कसे शिकवावे?

पशुधनाची बाजू अधिक कच्ची आहे. तापमान-आर्द्रता निर्देशांक (हवेतील उष्णता व दमटपणा एकत्र दाखवणारा आकडा) साधारण ७२ च्या वर गेला की संकरित गाईंवर उष्णतेचा ताण सुरू होतो आणि दूध घटते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. (विदर्भातील देशी गवळाऊ गाय हे ऊन बरेच सोसते, पण गोठ्यांत आता संकरित जनावरे वाढली आहेत.) हा निर्देशांक गोठ्यातच काढण्याची सोपी पद्धत, तसेच मराठीतील तक्ते कोणी वापरले असल्यास कृपया कळवावे. दोन्ही खात्यांच्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवावे की स्वतंत्र, याविषयीचा अनुभवही उपयोगी पडेल.